‘ऋण सोडले आहे’ ही ओळ माझ्या तोंडून निघत नाही

परिचारिका, पुणे

सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम.

गेली बावीस वर्षे मी रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करते आणि प्रभूची प्रार्थना, म्हणजे प्रभू येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, लहानपणापासून म्हणत आले आहे. ती इतकी अंगवळणी पडली आहे की रात्रपाळीत एखाद्या अत्यवस्थ रुग्णाच्या नातेवाइकांनी विनंती केली, तर खाटेशेजारी उभी राहून मी ती पुस्तक न उघडता म्हणते. परंतु गेल्या काही आठवड्यांपासून असे होते आहे की रविवारच्या उपासनेत सगळी मंडळी उभी राहून प्रार्थना म्हणू लागली की ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ इथपर्यंत माझा आवाज असतो, पुढच्या ओळीला मी गप्प होते आणि ‘आम्हांला परीक्षेत आणू नकोस’ या ओळीपासून पुन्हा सुरू करते. शेजारी उभ्या असणाऱ्या माझ्या मुलीच्या हे ध्यानात आले. तिने घरी आल्यावर कारण विचारले, तेव्हा घसा बसला आहे असे मी तिला सांगितले. ते खरे नव्हते.

ती ओळ तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड.’

माझ्या धाकट्या दिरांना २०१९ साली मालवाहू टेम्पो घ्यायचा होता. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडून मी त्यांना २,४०,००० रुपये दिले. घरचाच माणूस म्हणून कागद केला नाही. त्यांनी २०२१ पर्यंत थोडे थोडे करून ३५,००० परत केले आणि त्यानंतर एक रुपयाही आला नाही. टाळेबंदीत त्यांचा धंदा बसला होता, हे मी जाणते आणि त्या काळात मी एकदाही विषय काढला नाही. मात्र आता टेम्पो रोज रस्त्यावर असतो, घरात नवी फरशी बसली आहे आणि माझी मुलगी पुढच्या वर्षी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला जाईल, तेव्हा तिचे शुल्क कोठून भरायचे याचा हिशेब मी एकटी करत बसते.

या नाताळात आम्ही सगळे सासरी जमलो होतो. करंज्या तळता तळता मी दिरांना हळूच विचारले, “भाऊजी, पैशांचे काही जमेल का?” ते काही बोलले नाहीत, पण सासूबाई म्हणाल्या, “तू उपास धरतेस, प्रार्थनासभेला जातेस आणि सणाच्या दिवशी घरच्या माणसाला तगादा लावतेस? ऋण सोडा असे शास्त्रातच सांगितले आहे ना?” माझ्या हातातला झारा तसाच राहिला आणि घाणा करपला. त्या दिवसापासून ही ओळ माझ्या घशात अडकते.

आणखी एक गोष्ट लाज वाटत असली तरी सांगते, कारण ती लपवून विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर मिळणार नाही. माझ्या कपाटात एक डायरी आहे. तिच्या मागच्या पानावर ही रक्कम लिहिली आहे आणि दरवर्षी मार्च संपला की, ठेव मोडली नसती तर आज किती व्याज झाले असते, हे मी त्याखाली मांडते. दिरांनी नवा मोबाइल घेतला, जाऊबाईंनी पैंजण केले, हे सगळे मला तारखेसह आठवते. त्यांच्या घरात आनंदाची काहीही गोष्ट घडली की माझ्या मनात पहिल्यांदा तो आकडा उभा राहतो.

माझे विचारणे दोन गोष्टींचे आहे. हक्काचे पैसे परत मागितले तर ही प्रार्थना म्हणण्याचा माझा अधिकार जातो का? आणि काही न मागता मी आतल्या आत जळत राहिले, तर त्याला ऋण सोडणे म्हणता येईल का?

निवृत्त शिक्षक, नगर

ताई, सप्रेम सलाम. मी छत्तीस वर्षे शाळेत शिकवले आणि त्यांतली बहुतेक वर्षे रविवारच्या शाळेतही शिकवले. इतक्या वर्षांत ही ओळ हजारो वेळा मी न अडखळता म्हटली आहे. तुमचा प्रश्न वाचल्यावर काल रात्री ती म्हणताना मी पहिल्यांदा थांबलो.

आधी शब्दाकडे पाहू. मत्तयाच्या ग्रीक शुभवर्तमानात इथे ‘ओफेइलेमाता’ हा शब्द आहे आणि त्याचा सरळ अर्थ ‘देणी’ असा होतो. प्रभू ज्या अरामी भाषेत बोलत असे तिच्यात ‘होबा’ हा एकच शब्द कर्जासाठीही वापरत आणि पापासाठीही वापरत. हीच प्रार्थना देताना लूकाने आपल्या शुभवर्तमानाच्या ११ व्या अध्यायात पहिल्या भागात ‘पापे’ असे स्पष्ट लिहिले, पण दुसऱ्या भागात ‘जो कोणी आमचे देणे लागतो’ हीच भाषा कायम ठेवली. म्हणजे या ओळीतला पैशाचा अर्थ कोणत्याही बाजूने पुसून टाकता येत नाही. आपल्या मराठी भाषांतरकारांनी ‘ऋण’ हा शब्द ठेवला, याबद्दल मला त्यांचे फार कौतुक वाटते, कारण मातृऋण, पितृऋण म्हणणाऱ्या मराठी माणसाला ऋण हे वहीतलेही असते आणि जन्माचेही असते, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता ‘सोडणे’ या शब्दाबद्दल. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायात दर सातव्या वर्षी इस्राएली माणसाने आपल्या बांधवाचे कर्ज सोडावे अशी आज्ञा आहे आणि जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात त्या ठिकाणी जो शब्द आहे, तो या प्रार्थनेतल्या ‘सोड’ याच धातूपासून आलेला आहे. त्याच अध्यायाच्या ९ व्या वचनात असा इशारा आहे की सातवे वर्ष जवळ आले म्हणून गरजू भावाकडे वाकड्या नजरेने पाहू नकोस आणि त्याला द्यायचे टाळू नकोस. लोक तसे टाळू लागलेच. पुढे प्रभूच्या जन्माच्या थोडे आधी हिल्लेल नावाच्या गुरूने ‘प्रोझबूल’ नावाची तजवीज केली. कर्जखत न्यायसभेकडे सोपवले की सातव्या वर्षीही ते बुडत नसे आणि त्यामुळे लोक पुन्हा गरिबांना उसने देऊ लागले. तेव्हा दिलेला पैसा बुडण्याची भीती बाळगणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. ज्या लोकांना प्रभूने ही प्रार्थना शिकवली त्यांच्या रोजच्या आयुष्यात नेमका हाच पेच होता.

मत्तयाच्या १८ व्या अध्यायातला दृष्टांत तुम्हाला पाठ असेलच. एका दासाचे राजाला दहा हजार तालांत देणे होते आणि त्याच दासाला त्याच्या सोबत्याकडून शंभर दिनार यायचे होते. आपण उपदेशात पहिली रक्कम अफाट आणि दुसरी क्षुल्लक असे सांगून पुढे जातो. मी स्वतः तसेच शिकवले आणि आता मला ते अपुरे वाटते. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, हे मत्तयाच्याच २० व्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या दृष्टांतात आले आहे. शब्बाथ, म्हणजे आठवड्याचे विसाव्याचे दिवस, वगळले तर शंभर दिनार म्हणजे जवळजवळ चार महिन्यांची कमाई झाली. आज मजुराचा रोज ६०० रुपये धरला तर ते ६०,००० होतात आणि कोणत्याही कष्टकरी घराला ६०,००० रुपये क्षुल्लक नसतात. प्रभूने मुद्दाम अशी रक्कम निवडली आहे की जी बुडाली तर दुखते. पहिल्या रकमेचे मात्र बोलायलाच नको. एका तालांताचे साधारण ६,००० दिनार होत, म्हणजे त्याच हिशेबाने ती ३,६०० कोटी रुपयांच्या घरात जाते. गालील आणि पेरीया या दोन प्रांतांचे मिळून तिथला शासक हेरोद अंतिपास याला वर्षाला २०० तालांत मिळत असत, असे पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस लिहितो. त्या दोन्ही प्रांतांचे पन्नास वर्षांचे उत्पन्न एका दासाच्या नावावर मांडले आहे, हे ऐकून प्रभूसमोर बसलेले कोळी आणि शेतकरी थक्क झाले असतील.

इथे एक बारकावा पाहा. पहिल्या दासाने सोबत्याकडे पैसे मागितले एवढ्यावर राजा संतापला, असे दृष्टांतात कोठेही नाही. त्याने सोबत्याला धरून त्याची नरडी आवळली, सोबत्याने तेच शब्द बोलून विनवले जे याने स्वतः राजापुढे म्हटले होते, आणि तरीही याने त्याला तुरुंगात टाकले. मागणे ही एक गोष्ट आहे आणि नरडी धरणे ही दुसरी. तुम्ही नाताळात दिरांना विचारलेत ते मागणे होते आणि त्यात मला काहीही वावगे दिसत नाही. डायरीचे मागचे पान मात्र मला काळजीत टाकते. रागावू नका, पण तिथे दरवर्षी मार्चमध्ये त्यांच्या गळ्याभोवती तुमची बोटे थोडी घट्ट होतात. आपल्यातल्या गरिबाकडून व्याज घेऊ नये, ही जुन्या करारातल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या २२ व्या अध्यायातली आज्ञा आहे. ते व्याजाचे आकडे तुम्ही दिरांना कधी सांगितलेले नाहीत, त्यांनी ते कबूल केलेले नाहीत. सुरुवात करायची असेल तर तिथून करता येईल.

एक आठवण ओघात सांगतो. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत. आम्हा नगरकरांना त्यांच्या या म्हणण्याचा अभिमान आहे. तुकोबांच्या घरी सावकारी होती. त्यांनी कर्जखतांच्या दोन वाटण्या केल्या, धाकट्या भावाच्या वाट्याची खते त्याला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली, अशी परंपरा आहे. भावाच्या वाट्याला त्यांनी हात लावला नाही, ही गोष्ट मला तुमच्या संदर्भात महत्त्वाची वाटते. मोडलेल्या ठेवीत तुमच्या मुलीचा वाटा होता. तो सोडण्याचा अधिकार तुम्हालाही पूर्ण आहे का, याचा विचार करा.

पतसंस्थेतील कर्मचारी, सोलापूर

ताई, मी सतरा वर्षे पतसंस्थेत कर्जवसुलीचे काम करतो. ख्रिस्ती माणसाने हे काम करावे का, असे मला मंडळीत तोंडावर विचारले गेले आहे, त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या आसपास मी बराच काळ राहिलो आहे.

गुरुजींनी नरडी धरण्याबद्दल लिहिले ते मनाला भिडले. अनुवादाच्या २४ व्या अध्यायात एक नियम आहे, तो मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी वाचला आणि तेव्हापासून पाळतो. शेजाऱ्याला काही उसने दिले असेल तर गहाण आणायला त्याच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे आणि ज्याला दिले आहे त्याने स्वतः बाहेर आणून द्यावे. मी कर्जदाराच्या उंबऱ्याच्या आत जात नाही. कोणी चहाला बोलावले तरी ओट्यावर बसतो. आत गेले की नजर फिरते, म्हणजे फ्रिज कधी घेतला, पंखा नवा दिसतो, चुलीवर काय शिजते आहे. ज्याच्याकडून आपले येणे आहे त्याच्या घरातली प्रत्येक वस्तू मग आपलीच वाटू लागते. पैंजण आणि मोबाइलबद्दल तुम्ही लिहिलेत, ते वाचताना मला हेच आठवले. तुम्ही पैसे मागायला गेला नाहीत, पण मनाने सहा वर्षे त्यांच्या घरात शिरून बसल्या आहात. बाहेर या. ओट्यावर उभे राहून मागा, मोठ्याने आणि स्पष्ट मागा, पण बाहेरून मागा.

आमच्या कामातले दोन शब्द तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला उपयोगी पडतील. एक ‘निर्लेखन’ आणि दुसरा ‘माफी’. कर्ज बरीच वर्षे थकले की संस्था ते निर्लेखित करते, म्हणजे ताळेबंदातून काढून टाकते. बाहेरच्या माणसाला वाटते की कर्ज सुटले. तसे नसते, कर्जदाराची जबाबदारी कायम राहते, नोटिसा जातात आणि वसुली चालू राहते. माफी ही निराळी गोष्ट आहे. माफीत येणेच संपते आणि तसे कर्जदाराला लेखी कळवले जाते. तुम्ही विचारता की काही न मागता आत जळत राहणे याला ऋण सोडणे म्हणावे का. आमच्या भाषेत सांगायचे तर ते निर्लेखन झाले. वहीतून काढले, पण वसुली चालूच आहे. आणि माझ्या अनुभवात बहुतेक माणसे देवाजवळ आपापल्या भावंडांची कर्जे अशीच निर्लेखित करून येतात, मीसुद्धा केली आहेत.

शास्त्रात कर्जाची आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. जुन्या करारातले ‘२ राजे’ हे पुस्तक, अध्याय ४. एका संदेष्ट्याची विधवा अलीशा या मोठ्या संदेष्ट्याकडे येते, सावकार तिच्या दोन मुलांना गुलाम म्हणून न्यायला आलेला असतो. अलीशा सावकाराला बोलावून ‘सोडून दे’ असे सांगत नाही. तो तिला विचारतो, तुझ्या घरात काय आहे? तिच्याकडे कुपीभर तेल असते. शेजाऱ्यांची रिकामी भांडी मागून आणायची, दार लावून घ्यायचे आणि ओतत राहायचे, एवढे तो सांगतो. भांडी संपली तेव्हा तेल थांबले. मग तो म्हणतो की तेल विकून कर्ज फेड आणि उरेल त्यावर तू व तुझी मुले जगा. चमत्कार झाला, पण त्या चमत्कारातसुद्धा सावकाराचे पैसे बुडाले नाहीत. म्हणून दिरांकडे गेलात तर ‘कधी देता’ हा प्रश्न मागे ठेवा आणि ‘घरात काय आहे’ हा आधी विचारा. सतरा वर्षांत मी पाहिले आहे की पहिल्या प्रश्नाला माणूस खोटे बोलतो आणि दुसऱ्याला बहुधा खरे सांगतो.

वसईकर

ताई, मी कॅथलिक आहे. आमच्या प्रार्थनेत या जागी ‘अपराध’ हा शब्द आहे, त्यामुळे मिस्सामध्ये ती ओळ म्हणताना मला कधी पैशांची आठवण झाली नव्हती. तुमचा प्रश्न वाचून माझ्याकडून येणे असलेल्या दोघांची नावे आठवली आणि मी ज्याचे देणे लागतो असा एकही माणूस आठवेना, याचे मला अधिक वाईट वाटले. असा माणूस नसणे शक्यच नाही.

मला सासूबाईंच्या वाक्याबद्दल लिहायचे आहे. त्या वयाने मोठ्या आहेत, आपल्या धाकट्या मुलाची बाजू त्यांनी घेतली यात मायाच आहे. तरी शास्त्रवचनाचा तो वापर मला योग्य वाटत नाही. प्रेषित पौलाने फिलेमोन या ख्रिस्ती गृहस्थाला लिहिलेले, नव्या करारातले पत्र मी या आठवड्यात पुन्हा वाचले. सगळे मिळून २५ वचने आहेत. अनेसिम हा फिलेमोनाचा दास, त्याच्यापासून दुरावून पौलाजवळ आलेला. पौल त्याला परत पाठवतो आणि त्याला प्रिय बंधू म्हणून स्वीकारावे अशी विनंती करतो. प्रेषित म्हणून त्याला आज्ञा करता आली असती आणि तसे तो लिहितोही, पण फिलेमोनाचे चांगले काम बळजबरीने न होता राजीखुशीने व्हावे म्हणून तो आज्ञा करत नाही. आणि मग १८ व्या वचनात म्हणतो, त्याने तुझे काही नुकसान केले असेल किंवा तो तुझे काही देणे लागत असेल तर ते माझ्या नावावर मांड. पुढच्याच वचनात, मी पौल स्वतःच्या हाताने लिहितो की मी फेडीन.

दुसऱ्याला ‘सोडून दे’ असे सांगण्याची ख्रिस्ती रीत ही अशी आहे. सांगणारा आधी स्वतःचा हात खिशात घालतो. हे सासूबाईंना ऐकवा असे मी म्हणत नाही, तसे केले तर तेही वचनाने मारल्यासारखेच होईल. पण ती ओळ घशात अडकते त्याचे एक कारण हे असू शकते की ती तुमच्या अंगावर फेकली गेली होती. प्रभूने ती आपल्याला बापाशी बोलण्यासाठी दिली आहे. दुसऱ्याचे तोंड बंद करण्यासाठी ती दिलेली नाही.

शिवाय ऋण्याकडेही प्रभूचे बोलणे आहेच. वेदीवर अर्पण आणताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा, हे मत्तयाच्या ५ व्या अध्यायात त्या माणसाला सांगितले आहे ज्याच्याविरुद्ध दुसऱ्याचे काही म्हणणे आहे. जकातदार जक्कयाने तर, कोणाचे काही अन्यायाने घेतले असेल तर ते चौपट परत करण्याचे वचन घरी आलेल्या प्रभूसमोर दिले आणि प्रभूने त्याला अडवले नाही. तुमच्या दिरांना फेडण्याची संधीच न देणे, ही त्यांच्यावर दया होईल का, याबद्दल मला शंका आहे.

एक ऋणी

मी फक्त वाचायला आलो होतो, पण दुसऱ्या बाजूने लिहिणारे कोणी दिसले नाही म्हणून लिहितो.

मी माझ्या मामांकडून घराच्या कामासाठी पैसे घेतले होते. फेडणे जमले नाही. पहिली दोन वर्षे मी फोनवर कारणे सांगितली, मग फोन उचलणे बंद केले, मग ते ज्या लग्नाला येणार असतील तिथे जाणे बंद केले. एकाच गावात राहून मी त्यांच्या गल्लीतून सायकल नेत नसे. मामा वारले तेव्हा मी मातीला गेलो आणि सगळ्यांच्या मागे उभा राहिलो. नंतर मामींनी मला सांगितले, “अरे, त्यांनी तुझे पैसे केव्हाच सोडले होते. रोज प्रार्थनेत तुझे नाव घ्यायचे.” त्यांना हे सांगून बरे वाटले असेल. मला मात्र त्या दिवशी फार रडू आले, कारण त्यांनी सोडले होते तर मी निदान सहा वर्षे त्यांच्या घरी जेवायला जाऊ शकलो असतो.

ताई, तुम्ही सोडा किंवा मागा, त्याबद्दल मी काही सांगण्याच्या योग्यतेचा नाही. एवढेच म्हणतो की जे काही ठरवाल ते त्यांना सांगा.

निवृत्त शिक्षक, नगर

वरचे वाचून मला माझ्या उत्तरात एक भर घालाविशी वाटते. मत्तयाच्या प्रार्थनेत ‘सोडले आहे’ असे झालेल्या गोष्टीचे रूप आहे आणि लूकाच्या प्रार्थनेत ‘सोडतो’ असे चालू काळाचे. मी हा फरक वर्गात व्याकरण म्हणून सांगत असे. आज वाटते की देवाने दोन्ही रूपे आपल्या हाती ठेवली, ही त्याची कृपा आहे. ज्याला ‘सोडले आहे’ म्हणता येत नाही त्याने लूकाचा हात धरावा.

परिचारिका, पुणे

पाच आठवड्यांनी लिहिते आहे, त्याबद्दल सर्वांची क्षमा मागते. तुमच्यापैकी कोणी माझ्यासाठी प्रार्थना करत असाल तर काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

सर्वांत आधी मी डायरीचे पान घेतले. फाडून टाकावे असे वाटले, पण मूळ रक्कम खरी होती, ती फाडणे मला खोटे वाटले. म्हणून पट्टी ठेवून व्याजाचे आकडे एकेक करून खोडले. सहा आकडे होते. शेवटचा खोडताना हात थरथरला हे मान्य करते.

मग मी यजमानांशी आणि मुलीशी बोलले. गुरुजींनी वाट्याबद्दल लिहिले होते ते मी मुलीला वाचून दाखवले. आपल्या शिक्षणाचे पैसे कोठे गेले हे तिला आतापर्यंत कोणी नीट सांगितलेच नव्हते. तिने विचार करून सांगितले की शेवटच्या वर्षाला लागतील तेवढे काकांनी द्यावेत, बाकीचे तुझे तू ठरव.

नंतरच्या शनिवारी यजमान आणि मी दिरांकडे गेलो. सोलापूरच्या दादांचे ऐकून मी ओट्यावरच बसले. जाऊबाई दोनदा आत बोलवायला आल्या, मग त्याच बाहेर येऊन बसल्या. मी विचारले, “भाऊजी, मी आज तारीख मागायला आलेली नाही. घरात काय आहे आणि डोक्यावर किती आहे, ते मला सांगा.” ते बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिले. मग आत गेले आणि एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले. तिच्यात एका खासगी वित्त कंपनीच्या पावत्या होत्या. टाळेबंदीत टेम्पोचे हप्ते थकले तेव्हा त्यांनी तिथून दुसरे कर्ज काढले होते आणि आजही त्या टेम्पोच्या कमाईतला मोठा भाग तिकडे जातो. फरशी जाऊबाईंच्या माहेरच्यांनी बसवून दिली होती. नाताळात मी विचारले त्याच्या आदल्या दिवशी वसुलीची माणसे दारात येऊन गेली होती, हे तेव्हा कळले. मी त्या फरशीकडे चार वर्षे ज्या डोळ्यांनी पाहत होते, ते आठवून मला मान वर करता येईना.

तरीही मी रक्कम बोलून दाखवली, २,०५,००० रुपये, कारण तसे न करता सोडणे म्हणजे काय सोडले हेच कळले नसते. त्यातले १,००,००० माझ्या मुलीचे आहेत आणि ते मला हवेत, दर महिन्याच्या दहा तारखेला जमेल तसे, पण तीन हजारांच्या आसपास द्यावेत, असे मी सांगितले. उरलेले १,०५,००० मी सोडले. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्यांच्यासमोर म्हणाले, “हे मी सोडले भाऊजी, याचा विषय मी पुन्हा काढणार नाही.” दीर म्हणाले, “वहिनी, मी ते पण फेडीन.” मी त्यांना सांगितले की फेडायचे असतील तर एखाद्या वर्षी दुसऱ्या कोणाच्या मुलीचे शुल्क भरा. सासूबाई काही बोलल्या नाहीत. निघताना मात्र त्यांनी माझ्या हातात शेवग्याच्या शेंगा दिल्या, तशा त्या नेहमी फक्त धाकट्या सुनेच्या माहेरी पाठवतात.

पहिल्या दहा तारखेला तीन हजार आले. दुसरी तारीख परवा आहे आणि ती जवळ आली तसा माझ्या पोटात गोळा येतो आहे, हेही लिहून ठेवते.

मागच्या रविवारी मी ती ओळ म्हटली. मंडळी ‘सोडले आहे’ म्हणत होती आणि मी हळू आवाजात ‘सोडत आहोत’ असे म्हटले, तेवढेच माझ्याच्याने झाले. मुलीने ते ऐकले आणि घरी आल्यावर शब्द का बदललास असे विचारले. या वेळी मी तिला खरे उत्तर दिले.

सोलापूरच्या दादांना एक विचारायचे आहे. सोडलेल्या रकमेचा काही कागद करावा का? दिरांनी मागितलेला नाही, पण वर ज्या भाऊंनी आपल्या मामांबद्दल लिहिले त्यांचे शब्द माझ्या मनातून जात नाहीत.

पतसंस्थेतील कर्मचारी, सोलापूर

होय ताई, करा. साध्या कागदावर चालेल. रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत लिहा, तारीख घाला, तुमची आणि यजमानांची सही करा, आणि तो कागद जाऊबाईंच्या हातात द्या.